शिसं पकडणारी बुंदी

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आमच्या नागपुरात आधी तुरटी फिरते, मग गॅसवर पातेलं चढतं. जंतूंसाठी हे उत्तम. पण पाण्यात शिसं विरघळलेलं असेल, तर उकळून ते जात नाही. थोडी वाफ उडाल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतंच.

पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम मात्र शंभर मिलिग्रॅम सहज सापडतं, म्हणजे वजनाने दहा हजार पट. त्यातून शिसं तेवढं वेचून काढणं म्हणजे सीताबर्डीच्या ऐन दिवाळीतल्या गर्दीत एक खिसेकापू हुडकण्यासारखं काम.

त्यासाठी लागते सिलिका, म्हणजे वाळूचाच पदार्थ, पण अतिसूक्ष्म कणांची. १९६८ साली श्ट्योबर आणि सहकाऱ्यांनी अल्कोहोल, पाणी आणि अमोनियात सिलिकॉनचं एक संयुग विघटित करून एकसारखे गोल कण मिळवले; प्रयोगशाळांत ही कृती आजही चालते. स्वस्त वाट आपल्या शेजारीच आहे. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधलं धानाचं तूस जाळलं की राखेत मुख्यतः सिलिकाच उरते. ती कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात विरघळवायची आणि आम्ल घालून पुन्हा साकळवायची.

कण दहा नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असले, तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग जवळपास २७० चौरस मीटर भरतो. नागपुरी हिशेबात दीड हजार फुटांचे दोन प्लॉट, चिमूटभर भुकटीत!

नुसता प्लॉट असून भागत नाही, त्यावर धातू अडकवणारे आकडे, म्हणजे हुक, लावावे लागतात; हे हुक म्हणजे अणूंचे छोटे गट. नायट्रोजन असलेले अमाइन गट शिसं, तांबं धरतात आणि कॅल्शियमला फारसा भाव देत नाहीत. पाऱ्यासाठी गंधकाचे गट. पारा-गंधकाची ही जवळीक आपल्या रसशास्त्राला, म्हणजे आयुर्वेदातल्या धातू-औषधांच्या विद्येला, जुनीच ओळखीची: दोन्ही एकत्र खलले की काळी कज्जली होते. रामटेकजवळच्या टेकडीशी परंपरेने रसशास्त्राचा आचार्य नागार्जुन याचं नाव जोडलं जातं, ते उगाच आठवलं.

पण ही भुकटी पाण्यात टाकली तर परत काढायची कशी? गाळणीतून ती निसटते, आणि बारीक गाळणी लावली की तुंबते. म्हणून तिला धरून ठेवायला पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंचा पदार्थ, लागतो: कोळंबीच्या टरफलांपासून बनणारं कायटोसान पातळ अॅसिटिक आम्लात विरघळवून त्यात सिलिका मिसळतात आणि ते मिश्रण कॉस्टिकच्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडतात. झाऱ्यातून बुंदी पडावी तसे मणी तयार होतात. कायटोसानमध्ये स्वतःचे अमाइन गट असतात, हा वरचा फायदा. मणी नळीत भरायचे, पाणी वरून सोडायचं.

माझ्या मते खरी परीक्षा मणी शिशाने भरल्यावर सुरू होते. पातळ आम्लाने धुतले की हायड्रोजनचे आयन आकडे बळकावतात, शिसं सुटतं आणि मणी पुन्हा वापरता येतात. पण आम्लात कायटोसानच विरघळू लागतं! म्हणून त्याच्या साखळ्या ग्लुटाराल्डिहाइड नावाच्या रसायनाने आधीच एकमेकींना बांधतात. त्यात काही आकडे खर्ची पडतात. ते चालवून घ्यावं लागतं. आणि धुवणाचं आम्ल गटारात ओतायचं नसतं: टाकीभर पाण्यातलं शिसं आता त्या एका बाटलीत असतं.