चकतीचा कोन मनगटात नसतो

डिस्क गोल्फ म्हणजे चकती फेकत फेकत टोपलीत टाकण्याचा खेळ. त्यातली चकती उजव्या हाताने, बॅकहँडने, म्हणजे हात छातीसमोरून बाहेर नेत, जोरात फेकली की बहुधा आधी जराशी उजवीकडे सरकते आणि वेग ओसरला की डावीकडे झुकत खाली येते. नवखे खेळाडू वाऱ्याच्या नावाने बोटं मोडतात. पण वारा पडलेला असतानाही हेच घडतं.

वरून पाहिलं तर ही चकती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गरगरते. हवेचा उचलणारा जोर नेमका तिच्या मध्यावर पडत नाही. वेग भरपूर असताना तो मध्याच्या मागे पडतो आणि नाक, म्हणजे चकतीची पुढची कड, खाली दाबू पाहतो. वेग घटला की हवा तळावर जास्त तिरकी येते, जोर पुढे सरकतो आणि नाक वर उचलू लागतो. गिरकी नसती तर चकतीने कोलांटी खाल्ली असती. फिरणारी वस्तू मात्र अशा रेट्याला काटकोनात उत्तर देते, म्हणून चकती आधी उजवीकडे कलते, मग डावीकडे. डावखुऱ्यांसाठी हेच सगळं उलट.

चकती हातातून सुटताना तिची बाहेरची, म्हणजे हातापासून लांबची, कड खाली असेल तर हायझर, वर असेल तर अ‍ॅनहायझर. हा कोन द्यायला बरेच जण ऐनवेळी मनगट पिळतात. मग हात एका पातळीत फिरतो, चकती दुसऱ्याच पातळीत सुटते आणि डुगडुगत जाते. त्या डुगडुगण्यात अंतर वाया जातं. त्यापेक्षा कमरेतून पुढे वाकावं. हात पाठीच्या कण्याशी काटकोनात फिरला की हायझर आपसूक मिळतो. अ‍ॅनहायझरला किंचित मागे रेलावं लागतं. तो अवघडच, कारण तोल टाचांवर जातो.

माझ्या मते याहून महागात पडते ती नाकाची चूक. चकती उंच फेकणं वेगळं आणि तिचं नाक वर असणं वेगळं. मार्ग चढता असला तरी नाक त्या मार्गाच्या रेषेतच हवं, नाहीतर चकती हवेत अडते आणि डावीकडे गळून पडते. मनगट थोडं खाली झुकवून चकती कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या रेषेत धरली तर हे बरंचसं सुधारतं.

सरावाला ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची वेगवान चकती, नको; पटर, म्हणजे जवळून टोपलीत टाकायची संथ चकती, घ्या. ड्रायव्हर मुळातच शेवटी जोरात वळतो, त्यात आपली चूक झाकली जाते. सरळ जाणारा पटर अर्ध्या ताकदीने फेका आणि मागून फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. हात ज्या उतारावर फिरतो तोच उतार चकतीच्या कडेला दिसला पाहिजे. दिसला नाही, तर मनगट अजून पिळलं जातंय.