पायराइटचे अमोनाइट: चिखलात घडलेले, हवेत विरणारे

पायराइटचे ब्रेसलेट मनगटात घातले की पैसा खेचला जातो, अशा जाहिरातींचा गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांवर सुळसुळाट झाला आहे. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग. त्यात सोन्याचा रंग असतो, सोने नसते, आणि त्याच्यामुळे पैसा आला तर तो विकणाऱ्याकडे येतो, हे वेगळे सांगायला नको. खेदाची बाब ही की, या खनिजाची खरोखर थक्क करणारी करामत या गदारोळात कुणी सांगत नाही. ती पाहायची असेल तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यात, चारमथ या गावाच्या समुद्रकिनारी जावे लागते.

चारमथ आणि शेजारचे लाइम रीजिस यांच्यामधील कडे सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या, ज्युरासिक कालखंडाच्या आरंभीच्या काळ्या-करड्या चिखलाचे बनलेले आहेत. हा किनारा २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट आहे, आणि लाइम रीजिसच्या जीवाश्मशोधक मेरी ॲनिंग (१७९९–१८४७) यांनी येथूनच इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर या प्राचीन सागरी सरीसृपांचे सांगाडे बाहेर काढले. अमोनाइट हे माकूळ आणि ऑक्टोपस यांच्या कुळातले, वेटोळ्या कवचात राहणारे सागरी प्राणी होते. येथे सापडणारे त्यांचे पायराइटमधले नमुने बहुधा एक-दोन इंचांच्या आतले, पितळी चकाकीचे असतात. बारकाईने पाहिल्यास त्यांच्यावर नागमोडी, दातेरी रेषा दिसतात. कवचाच्या आतले पडदे जिथे भिंतीला टेकत होते, त्या जागांच्या या खुणा. कवच विरघळून गेले आणि कप्प्यांत भरलेला पायराइटचा साचा तेवढा उरला, म्हणूनच त्या आपल्याला दिसू शकतात.

पण हे पायराइट नेमके कप्प्यांतच का भरले, आजूबाजूच्या चिखलात का नाही? मेलेला अमोनाइट तळाच्या गाळात पुरला गेला की जिवाणू त्याचे विघटन सुरू करतात आणि गाळातला ऑक्सिजन लवकरच संपतो. त्यानंतर ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू पुढे येतात. समुद्राच्या एक लीटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. हे जिवाणू श्वसनासाठी ते सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, बाहेर टाकतात. गाळातल्या लोहाच्या ऑक्साइडांपासून याच ऑक्सिजनहीन परिस्थितीत विद्राव्य लोह सुटे होते. दोघांची गाठ पडली की प्रथम काळे लोह सल्फाइड तयार होते आणि त्यात आणखी गंधक मिसळून पायराइट बनते.

आता खरी मेख पाहा. गाळात सेंद्रिय पदार्थ भरपूर असतील, तर सल्फाइड सर्वत्र तयार होते, लोह जागच्या जागी अडकते आणि पायराइटचे सूक्ष्म कण सगळ्या चिखलात विखुरतात. कवचाच्या वाट्याला काहीच येत नाही. याउलट गाळ सेंद्रियदृष्ट्या गरीब आणि लोहाने संपन्न असेल, तर सल्फाइडचा उगम मुख्यतः त्या कुजणाऱ्या प्राण्यापाशीच राहतो. मग भोवतालच्या पाण्यातले लोह विसरणाने, म्हणजे जिथे ते जास्त आहे तिथून कमी असलेल्या जागेकडे पसरत, त्या दिशेने सरकत राहते आणि तिथेच साक्याच्या रूपात बाहेर पडते. आतल्या कप्प्यांत चिखल शिरायला फारशी वाट नसल्यामुळे तिथे पोकळी असते आणि भिंतींवर कुजण्याजोगे पातळ सेंद्रिय अस्तरही असते; पायराइट प्रथम या भिंतींवर चढते आणि पुरेसा वेळ मिळाल्यास कप्पा भरून टाकते. प्राणी जिथे राहत होता तो बाहेरचा मोठा कप्पा मात्र उघडा असल्याने पुष्कळदा चिखलाने भरतो किंवा दबून चपटा होतो.

नमुने शोधण्यासाठी कड्यावर हातोडा चालवण्याची गरज नाही. या घसरत्या कड्यांच्या पायथ्याशी थांबणेही जिवावर बेतू शकते. दरडी कोसळून आलेला चिखल लाटा धुऊन नेतात आणि घनता सुमारे ५ असलेले पायराइट, जवळपास निम्म्या घनतेच्या गारगोट्यांमधून वेगळे होऊन ठरावीक पट्ट्यांत साचते. हिवाळी वादळानंतर ओहोटी लागत असताना अशा पट्ट्यांत वाकून शोधावे. सुटे जीवाश्म उचलण्यास मुभा आहे, परंतु महत्त्वाच्या नमुन्यांची नोंद चारमथच्या वारसा केंद्रात करण्याचा संकेत आहे.

खरी कसोटी घरी आल्यावर लागते, कारण ऑक्सिजन नव्हता म्हणून जे घडले ते ऑक्सिजन मिळताच उलगडू लागते. पायराइट, ऑक्सिजन आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून लोहाचे सल्फेट आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होते. पाणी धरून बसणारे सल्फेट मूळ पायराइटच्या सुमारे सहापट जागा व्यापते, त्यामुळे नमुना आतून फुटतो. आम्ल हवेतला ओलावा ओढून घेऊन अभिक्रिया चालू ठेवते आणि खालचे कागदी लेबलही खाऊन टाकते. ज्या नमुन्यातले पायराइट तुतीच्या फळासारख्या सूक्ष्म कणांच्या झुबक्यांचे असते, त्याचा पृष्ठभाग प्रचंड असल्याने तो लवकर ढासळतो. ठसठशीत स्फटिकांचा नमुना बराच टिकतो. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की ही क्रिया वेग घेते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्याही पुढे असते. तेव्हा इंग्लंडहून कुणी आप्ताने असा नमुना आणला, तर तो गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढावे, पूर्ण वाळवावा आणि सिलिका जेलसह हवाबंद डबीत ठेवावा. व्हार्निश लावून निर्धास्त होऊ नये. त्यातून ऑक्सिजन आणि बाष्प हळूहळू आत जातातच.

आपल्याकडच्या देवघरांत नेपाळच्या काली गंडकीतून आलेले शाळिग्राम असतात. त्यांतली चक्रे वज्रकीट नावाच्या किड्याने कोरली, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात बहुतेक चक्रे ज्युरासिक काळातल्या अमोनाइटांचीच आहेत, आणि काहींत दिसणारा सोनेरी पदार्थ हे हेच पायराइट असते. श्रद्धा ज्याची त्याची, परंतु असा शाळिग्राम घरी असेल तर अभिषेकानंतर तो नीट पुसून कोरडा करावा.

नमुन्यावर पांढुरकी किंवा पिवळट भुकटी दिसू लागली आणि गंधकाचा उग्र वास आला, तर तो इतरांपासून ताबडतोब वेगळा करावा. संग्रहालयांत अशा वेळी अमोनियाच्या वाफेने आम्लाचे उदासिनीकरण करतात आणि मौल्यवान नमुने ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्यांसह मोहोरबंद पिशव्यांत ठेवतात. मात्र तोवर जो भाग फुटून गेला, तो परत मिळत नाही.