जंगलावर जगणे आणि बांबूचा हक्क : पार्श्वभूमी

गडचिरोलीतील माडिया व गोंड कुटुंबांचा निर्वाह एकट्या जंगलावर कधीच चाललेला नाही. पावसाळी भातशेती, उन्हाळ्यातील मोह, चारोळी व तेंदूपाने आणि वर्षभराचा बांबू यांची सांगड घालून वर्ष काढावे लागते. घरातील धान्य संपत आले की वाळवून ठेवलेली मोहफुलेच पोटाला आधार देतात. वनस्पतींची आणि ऋतूंची जाण त्यासाठी अत्यावश्यक आहे, परंतु त्या जाणिवेचा उपयोग करण्याची परवानगी कोणाच्या हाती, हा प्रश्न 1878 च्या वन कायद्यापासून अधिक निर्णायक ठरला.

या प्रश्नाचा खरा गुंता बांबूभोवती झाला. 1927 च्या वन कायद्याने ‘झाड’ या व्याख्येत बांबूचाही समावेश केला. गावकऱ्यांना निस्तार हक्काखाली, म्हणजे घरगुती गरजेपुरते जंगलातून घेण्याच्या हक्काखाली, घर आणि कुंपण यांपुरता बांबू मिळे, तर तोच बांबू कागद कारखान्यांना दीर्घ मुदतीच्या करारांनी दिला जाई. ज्या जंगलाची राखण गाव करते, तेथील बांबू विकण्याचा अधिकार मात्र गावाला नसावा, ही व्यवस्था अन्यायकारकच होती. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला स्पष्ट शब्दांत गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकडाखेरीज जंगलातून मिळणाऱ्या वनस्पतिज उत्पादनांत, घातले आणि त्याच्या विक्रीसह मालकीहक्क मान्य केला. त्यानुसार धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू हे झाडच असल्याचे सांगून वाहतूक परवाना नाकारण्यात आला. वनस्पतिशास्त्र बांबूला तृणकुळात ठेवते, आणि 2006 च्या कायद्यानेही शंकेला जागा ठेवलेली नव्हती, म्हणून हा नकार टिकणारा नव्हता. अखेर केंद्रातून राज्यांना पत्र गेले आणि एप्रिल 2011 मध्ये परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. पुढच्याच वर्षी वनहक्क कायद्याच्या नियमांतही तशी दुरुस्ती झाली.

2017 मध्ये 1927 च्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला, त्याचे मात्र गरजेपेक्षा अधिक कौतुक झाले. ती दुरुस्ती मुख्यतः जंगलाबाहेर, शेतात बांबू लावणाऱ्यांसाठी होती. जंगलातील बांबूवर जगणाऱ्या गावांचा आधार आजही 2006 चाच कायदा आहे, आणि ज्यांचे सामूहिक दावे मंजूर झालेले नाहीत, त्यांना तो आधारही पूर्णपणे वापरता येत नाही.