मुद्देमालाची साखळी

गुन्ह्याच्या जागी जप्त केलेली वस्तू न्यायालयात दाखल होईपर्यंत कोणाकोणाच्या हातून गेली, कुठे राहिली आणि कोणत्या अवस्थेत राहिली, याचा सलग हिशेब म्हणजे मुद्देमालाची साखळी. खुनाच्या खटल्यात डीएनए किंवा रक्तगटाच्या अहवालावर वाद पेटतो, तेव्हा तो बहुधा याच हिशेबावरून पेटतो. यंत्राने जे वाचले ते बरोबरच असेल. पण यंत्रापुढे आलेले पाकीट तेच होते का, हे आधी सिद्ध व्हावे लागते.

पद्धत जुनी आहे. दोन पंचांसमक्ष वस्तू जप्त होते, पाकिटावर पंचांच्या सह्यांचे लेबल लागते, दोऱ्याच्या गाठीवर वितळलेली लाख ओतून तिच्यावर पोलीस ठाण्याची मोहोर दाबली जाते. ठाण्यात मुद्देमाल कारकून रजिस्टरला नोंद करतो. पुढे एखादा हवालदार ते पाकीट घेऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. मुंबईत ही प्रयोगशाळा कालिन्याला आहे. सोबतच्या पत्रावर मोहोरेचा नमुना असतो. पाकिटावरचे सील शाबूत आहे आणि नमुन्याशी जुळते, अशी खात्री झाल्यावरच ते उघडायचे. नंतर येतो तो अहवाल, ज्याला कोर्टात सगळे सी. ए. रिपोर्ट, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचा (रासायनिक विश्लेषकाचा) अहवाल, म्हणतात. सरकारी तज्ज्ञाचा असा अहवाल, तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही, पुराव्यात वाचता येतो. त्यामुळे उलटतपासणीचा सगळा भार पंच, कारकून आणि हवालदार यांच्यावर पडतो. कोर्ट नाक्यावरच्या ठाणे सत्र न्यायालयात बचावाचा वकील रजिस्टरचे पान उघडून विचारतो: जप्ती १२ तारखेची, रवानगी १९ची, मधले सात दिवस पाकीट कोणाच्या ताब्यात होते? रजिस्टरचा तो रकाना कोरा असला, तर उत्तर द्यायला कोणी उरत नाही.

ठाण्याचा पावसाळा ही या साखळीची वेगळी परीक्षा असते. रक्ताचा ओला कपडा आधी सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा असतो. घाईत तो प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला, तर आतल्या दमटपणात बुरशी धरते आणि डीएनए तुटत जातो. एकाच टेबलावर, तेच हातमोजे घालून मृताचे आणि आरोपीचे कपडे हाताळले, तर एकाचा डाग दुसऱ्यावर जातो. अहवालात नंतर जे ‘जुळते’, ते कदाचित त्या टेबलावरच जुळलेले असते.

या विषयात ठाणे जिल्ह्यातलाच एक निकाल आवर्जून वाचावा असा आहे. २०१० साली सहा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. सत्र न्यायालयाने आरोपीला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती कायम केली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. नमुने वेळेत प्रयोगशाळेत गेले नव्हते, उशिराचे कारण कोणी दिले नव्हते, आणि म्हणून नमुने दूषित झाल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. डीएनए अहवाल हे तज्ज्ञाचे मत आहे, त्याचे वजन प्रत्येक खटल्यात वेगळे ठरते, हेही पुन्हा बजावले. आणखी एक गोष्ट मला फार मोठी वाटते: आरोपीच्या ज्या निवेदनावरून वस्तू हस्तगत झाल्याचे दाखवले, ते त्याला त्याच्या भाषेत वाचून समजावलेलेच नव्हते. जिथे कामगार देशभरातून येतात त्या ठाणे-नवी मुंबईत मराठी पंचनाम्याखाली अंगठा घेताना हा प्रश्न रोजचा आहे. एक माणूस वर्षानुवर्षे फाशीच्या छायेत राहिला, आणि त्या लेकराला कोणी मारले हा प्रश्न तेरा वर्षांनी पुन्हा होता तिथेच आला.

नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाची हद्द ठाणे आणि रायगड अशा दोन जिल्ह्यांत पसरलेली आहे. त्यामुळे वाशीचा मुद्देमाल ठाणे जिल्ह्याच्या न्यायालयांकडे जातो, पनवेलचा रायगडच्या.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूदही आली. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका खून खटल्यात फाशी रद्द करताना डीएनए नमुन्यांसाठी देशभर लागू होणारे नियम घालून दिले. नमुना घेतल्यापासून ४८ तासांत तो प्रयोगशाळेत पोहोचवायचा, उशीर झाल्यास कारण नोंदवायचे, खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचे नाही. प्रत्येक हालचालीचे स्वतंत्र रजिस्टर ठेवून ते खटल्याच्या कागदपत्रांना जोडायचे, आणि आरोपी दोषी ठरेपर्यंत किंवा सुटेपर्यंत चालू ठेवायचे. त्यात चूक झाली, तर उत्तर तपास अधिकाऱ्याने द्यायचे.