सुटल्यावरही ओढ का लागते?

संशय, शिवीगाळ, फोनची झडती हे सगळं सोसून नात्यातून बाहेर पडलेल्या मुलीला घरचे हमखास विचारतात, "एवढं होऊनही तुला त्याची आठवण येतेच कशी?" याचं उत्तर तिच्या स्वभावात शोधणं अन्यायाचं आहे. मेंदू जे शिकला, त्यात ते सापडतं.

फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये कबुतरांवरचे प्रयोग सविस्तर प्रसिद्ध केले. चोच मारली की दर वेळी दाणा मिळणारं कबूतर, दाणा बंद झाल्यावर लवकर थांबतं. कधी दाणा, कधी काहीच नाही अशी सवय लागलेलं मात्र कितीतरी जास्त वेळ चोच मारत राहतं. चार दिवस अबोला आणि पाचव्या दिवशी रडून माफी, हाही असाच बेभरवशाचा मोबदला. छळ आणि माया आलटूनपालटून मिळाल्याने घट्ट होणाऱ्या या बंधाची मांडणी डटन आणि पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये केली.

संपर्क तुटला की ओढ कमी होण्याआधी कधीकधी एकदा उसळते. नेमकी इथेच गडबड होते. त्याच्या विसाव्या कॉलला तिने फोन उचलला, तर वीस वेळा केल्यावर उत्तर मिळतं हे दोघंही शिकतात आणि पुढच्या वेळी हे सगळं आणखी लांबतं. अधूनमधून दिलेलं उत्तर म्हणूनच सगळ्यात महागात पडतं.

तेव्हा आधी फोन हाती घ्या. व्हॉट्सॲपमध्ये जोडलेली उपकरणं तपासून अनोळखी उपकरण काढा आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. गुगल खात्याचा पासवर्ड बदला, मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग बंद करा, फोनमधला त्याच्या बोटाचा ठसा पुसा, यूपीआय पिन नवा घ्या. पगाराच्या खात्याला त्याचा मोबाइल नंबर जोडलेला असेल, तर स्वतः शाखेत जाऊन तो बदलून घ्या. धमक्यांचे स्क्रीनशॉट नंबर आणि तारीख दिसेल असे घेऊन बहिणीकडे किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवा. मग एकच मेसेज: "यापुढे मला फोन, मेसेज करू नकोस, भेटायला येऊ नकोस." त्यानंतर एकही उत्तर नाही. स्पष्ट नकारानंतरही पुन्हापुन्हा संपर्क साधणं, पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, म्हणून तो एक मेसेज पुरावा म्हणूनही जपावा.

त्याने गळा दाबला असेल किंवा जिवे मारण्याची धमकी दिली असेल, तर मात्र हा क्रम पाळू नका. सोडून जाण्याचा काळ अशा नात्यात फार धोक्याचा असतो आणि पासवर्ड बदलल्याचं त्याच्या लगेच लक्षात येऊ शकतं. आधी सुरक्षित ठिकाणी पोहोचा, १८१ या महिला हेल्पलाइनशी बोला. तातडीच्या वेळी ११२.

सहा महिने पुण्यात नोकरी करून मन शांत झालेली मुलगी जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला सोलापुरात येते आणि होम मैदानावरच्या गर्दीत छातीत पुन्हा धडधड सुरू होते. आपण होतो तिथेच आलो, असं तिला वाटतं. तसं नसतं. जुनी शिकवण पुसली जात नाही, तिच्यावर नवी चढते, आणि ही नवी शिकवण ती जिथे घडली त्या जागेला बांधलेली असते. म्हणून तो तिथे नसेल याची खात्री असेल तेव्हा, मैत्रिणींबरोबर, कंबर तलावाचा काठ किंवा नवी पेठ अशा जुन्या जागी वेगवेगळ्या वेळी पुन्हा जावं. एका फेरीत काही होत नाही. धडधड वाढलीच, तर चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं करावं. श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते.

झोपेकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. अपुऱ्या झोपेने भावनांवरचा ताबा सुटतो आणि परत मेसेज करावासा वाटतो तो बहुतेक रात्रीच. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, उठण्याची वेळ रोज एकच ठेवा.

दोन आठवडे उलटूनही झोप, भूक, कामात लक्ष परत येत नसेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल, तर दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी फोन करावा, आणि घरच्यांनी तिला एकटं न सोडता सिव्हिलला घेऊन जावं.