मानवी देहगंध आणि सामाजिक वर्तन

माणसाच्या अंगाला येणारा वास आणि तो घेणाऱ्याच्या मनःस्थितीवर, ओळखीवर व जवळिकीवर होणारा त्याचा परिणाम. हा परिणाम बहुधा नकळत होतो, त्यामुळे तो मोजणे अवघड जाते.

ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. काखेतील अपोक्राइन ग्रंथी वयात येताना स्रवू लागतात. त्यांचा स्राव कोरिनेबॅक्टेरियमसारखे त्वचेवरचे जीवाणू विघटित करतात, तेव्हा कुठे वास तयार होतो. एबीसीसी११ या जनुकाच्या एका रूपामुळे पूर्व आशियातील बहुसंख्य लोकांच्या काखेला फार कमी वास येतो. कानातला मळ कोरडा असणार की ओलसर, हेही याच जनुकावर ठरते.

सर्वांत भक्कम पुरावा आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात सापडतो. अवघ्या काही दिवसांचे बाळ परक्या स्त्रीच्या दुधाने भिजलेल्या कापडापेक्षा स्वतःच्या आईच्या कापडाकडे अधिक वेळ तोंड वळवते, असे १९७५ मध्ये दाखवले गेले. आयांचेही तसेच: थोडाच काळ सहवास मिळालेली आईसुद्धा नुसत्या वासावरून आपल्या बाळाचे अंगडे पुष्कळदा ओळखते. नजर नीट स्थिरावण्याआधीच बाळाची ही ओळख पटलेली असते.

मोठ्यांच्या बाबतीत चित्र धूसर होते. १९९५ मध्ये बर्न विद्यापीठात क्लाउस वेडेकिंड यांनी पुरुषांनी दोन रात्री घातलेले टी-शर्ट स्त्रियांना हुंगायला दिले. प्रतिकारशक्तीशी निगडित एमएचसी जनुके आपल्यापेक्षा वेगळी असलेल्या पुरुषांचा वास स्त्रियांना अधिक आवडला; गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत मात्र कल उलटा दिसला. पुढच्या प्रयोगांतून याला एकमुखी दुजोरा मिळालेला नाही. भीतीच्या घामाचे निष्कर्ष मला अधिक लक्षणीय वाटतात. पहिल्यांदाच विमानातून उडी घेणाऱ्यांचा घाम हुंगणाऱ्यांच्या मेंदूत अमिग्डाला हा भीतीसारख्या भावनांशी निगडित भाग अधिक सक्रिय झाला, आणि तोही हा घाम व्यायामाच्या घामापासून वासाने वेगळा ओळखता येत नसताना. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत २०११ मध्ये स्त्रियांचे भावनावेगाचे अश्रू हुंगलेल्या पुरुषांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटल्याचे आढळले. हस्तांदोलनानंतर लोक नकळत हात नाकाजवळ नेतात, ही नोंदही तिथलीच, २०१५ ची.

येथे ‘फेरोमोन’ (एका प्राण्याने सोडलेले आणि त्याच जातीच्या दुसऱ्याचे वर्तन बदलणारे रसायन) हा शब्द जपून वापरायला हवा. १९५९ मध्ये तो रूढ झाला तो प्रामुख्याने कीटकांच्या अभ्यासातून. रेशीमपतंगाच्या मादीचे नराला आकर्षित करणारे बॉम्बिकॉल हे रसायन त्याच वर्षी ओळखले गेले. माणसात असे एकही रसायन निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. प्रौढ माणसात व्होमेरोनेझल इंद्रिय (अनेक प्राण्यांत फेरोमोन टिपणारा नाकातील अवयव) असलेच तरी ते काम करत असल्याचा पुरावा नाही. अँड्रोस्टॅडिएनोन हे घामात आढळणारे रसायन घालून आकर्षण वाढवण्याची हमी देणाऱ्या अत्तरांना म्हणूनच भक्कम शास्त्रीय आधार नाही. एकत्र राहणाऱ्या स्त्रियांची मासिक पाळी जुळते, हा १९७१ चा गाजलेला दावाही नंतरच्या काटेकोर अभ्यासांत टिकला नाही.

गंधज्ञान गमावलेल्या व्यक्तींच्या तक्रारी याच संदर्भात ऐकायला हव्यात. जेवणाची चव गेल्याचे त्या सांगतातच. पण आपल्या अंगाला वास येत असेल का ही धास्ती, आणि जोडीदाराचा किंवा मुलाचा वास हरवल्याची खंत, याही तक्रारी त्या पुनःपुन्हा बोलून दाखवतात.