पिकअपला वाळवंटी रूप : कमी खर्चात, नियमात राहून
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, वडोदरा

रुंद, ताठ नाकाची, वाळूच्या रंगाची वाळवंटी पिकअप मूळची मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाची. तिथे 1967 पासून वाळवंटातून हजार मैलांच्या आसपासची शर्यत होते. शर्यतीआधी चालक ज्या गाडीने वाट पाहून येत, ती म्हणजे प्रीरनर. तिच्या प्रत्येक भागामागे काम होतं. चाक खूप वर-खाली जायचं म्हणून मडगार्ड फुगवलेलं. खड्ड्यात नाक घासू नये म्हणून पुढचा बंपर खालून तिरपा कापलेला. बोनेट काळं, कारण चमकत्या बोनेटवरून ऊन थेट डोळ्यांत येतं. मदत शेकडो किलोमीटर लांब, म्हणून हौद्यात स्टेपनी.

हे कळलं की पैसे कुठे घालायचे तेही कळतं. नजर आधी टायरवर जाते, मग नाकावर, मग हौद्यावर. बाकीचं हळूहळू केलं तरी चालतं. शंभर रुपये काढले असतील तर साठ टायर आणि रिमवर घाला. पंचवीस पुढच्या भागावर, उरलेले हौद्यावर. दिव्यांनी सुरुवात केलेल्या गाड्या अर्ध्यावरच राहतात, हा आमचा नेहमीचा अनुभव.

आधी कायद्याचं

मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या रचनेपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कलम 182ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. लोखंडी बुल बार आणि क्रॅश गार्ड लावू नयेत, असं केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवलं. त्यामागचं कारण खरं आहे. समोरून धडक बसली की पुढचा भाग चुरगळून धक्का खातो आणि त्या धक्क्यावरूनच एअरबॅग कधी उघडायची ते ठरतं. चासीला जखडलेला लोखंडी गार्ड हे गणित बिघडवतो. पायी चालणाऱ्याला तर तो जीवघेणाच.

म्हणून लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग), लोखंडी बंपर, चासीची कापाकापी आणि व्हील स्पेसर (चाक बाहेर काढणारी चकती) ही कामं आम्ही करत नाही. या पत्रकातलं बहुतेक सगळं बोल्टने बसतं आणि बोल्टने निघतं. रंगाचं तेवढं वेगळं : अख्ख्या गाडीचा रंग बदलणार असाल तर आरटीओत आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. फक्त बोनेट किंवा खालचा पट्टा करायचा असेल, तरी विमा कंपनीला आधी लेखी कळवा. पिवळ्या पाटीची मालवाहू पिकअप असेल तर फिटनेस डोळ्यांसमोर ठेवा. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी ती गाडी तपासणीला उभी राहायची आहे.

टायर

सगळ्यात मोठा मोह मोठ्या टायरचा. हिशेब करून पाहा. 245/70 आर16 टायरचा व्यास साधारण 749 मिलिमीटर. त्याजागी 265/70 आर16 घातला तर 777. व्यासात 28 मिलिमीटर वाढले, पण जमिनीपासूनची उंची वाढली त्याच्या निम्मी, म्हणजे 14 मिलिमीटर. एका बोटाची रुंदी. त्या बोटाभर उंचीसाठी स्पीडोमीटर पावणेचार टक्क्यांनी मागे पडतो, गाडी वेग हळू पकडते, चाक पूर्ण वळवलं की टायर आतल्या लायनरला आणि मडफ्लॅपला घासतो आणि आरटीओत प्रश्न येतो तो वेगळाच.

कंपनीने दिलेल्याच मापात एटी, म्हणजे ऑल टेरेन टायर घ्या. खांद्यावर ठोकळे असलेला टायर त्याच मापातही रुंद आणि जड दिसतो, रूपाचं बरंचसं काम तिथेच होतं. माप ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर असतं. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. हौद्यात माल भरणाऱ्यांनी तर हा आकडा वाचल्याशिवाय टायर घेऊच नये. एटी टायर थोडा आवाज करतो, मायलेजही थोडं खातो. ज्याची गाडी महिनाभर हायवेवरच पळते, त्याने गुळगुळीत ठोकळ्यांचा सौम्य एटी घ्यावा. मातीसाठीचा एमटी टायर शहरात त्रास देतो आणि पावसाळ्यात ओल्या डांबरावर घसरतो.

रिम : स्वस्तात सुंदर, पण एक चूक महागात पडते

नवीन अलॉयऐवजी तुमच्याच मॉडेलचे स्टीलचे रिम घ्या. सँडब्लास्ट करून, इपॉक्सी प्रायमर मारून त्यावर मॅट काळा किंवा कांस्य रंग दिला की वाळवंटी गाडीला अलॉयपेक्षा जास्त शोभतात, वाकले तर ठोकून सरळही होतात.

चूक होते ती इथे. रंगारी रिम टांगतो आणि सगळीकडून सारखा रंग मारतो. हबला टेकणाऱ्या मागच्या सपाट चकतीवर आणि नट बसतो त्या उतरत्या खोबणीतही रंग जातो. नट आवळला जातो तो लोखंडावर नव्हे, रंगाच्या थरावर. गाडी पळते, ब्रेकने हब तापतो, रंग मऊ पडून चेपतो आणि आवळलेला नट आपोआप ढिला होतो. आधी स्टिअरिंगला बारीक थरथर, मग चाकातून टकटक. तोवर स्टडच्या भोकांच्या कडा घासलेल्या असतात आणि रिम भंगारात जातो. म्हणून रंगण्याआधी या दोन्ही जागा मास्किंग टेपने झाका. राहून गेलंच तर 120 नंबरच्या पेपरने लोखंड दिसेपर्यंत घासा. नट हँडबुकातल्या आकड्यालाच, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे. 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचे. हे दुसऱ्यांदा आवळणं आम्ही बिलात वेगळं लावत नाही.

टायर मडगार्डच्या बाहेर दिसता कामा नये. त्यासाठी रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) मूळचाच ठेवा. स्पेसर लावून चाक बाहेर काढलं की भार बेअरिंगपासून लांब जातो आणि बेअरिंग लवकर आवाज करू लागतं.

नाक खाली बसलंय का?

रिकामी पिकअप मागून उंच आणि पुढून खाली दिसते. मागचे पाटे (पट्ट्यांचे स्प्रिंग) मालासाठी असतात, त्यामुळे ते तसंच असायचं. पण जुन्या गाडीचं नाक आणखी बसलेलं असतं आणि ते दुरुस्त करायला लिफ्ट लागत नाही. सपाट जागी, हवेचा दाब बरोबर ठेवून, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. चारही चाकं मोजा, कागदावर लिहा. डाव्या-उजव्यात 10 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला किंवा पुढची दोन्ही मापं कंपनीच्या मापापेक्षा कमी आली, तर स्प्रिंग थकलेत. नवीन मूळ स्प्रिंग, वरचे रबर आणि बुश बदलले की नाक आपल्या जागी येतं. टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पिळणारा दांडा) असलेल्या जुन्या गाड्यांत बोल्ट फिरवून उंची कंपनीच्या मापावर आणता येते. त्यापुढे फिरवू नका. बॉल जॉइंट आणि एक्सलचे बूट तिरपे ताणले जातात, गाडी दगडासारखी कडक होते. उंचीला हात लावला की व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची सेटिंग त्याच दिवशी.

पुढचा भाग

लोखंडी बंपरचा भास बेडलायनर कोटिंगने होतो. हा हौद्यात मारतात तो खरखरीत काळा लेप. बंपरचा खालचा भाग, दारांखालची साधारण 25 सेंटिमीटरची पट्टी आणि मडगार्डच्या कडा यांवर मारला की गाडी वर हलकी, खाली भक्कम दिसते आणि खडीपासून रंगही वाचतो. रंगाला 320 नंबरचा पेपर फिरवून चमक घालवायची. बंपर प्लास्टिकचा, त्याला आधी प्लास्टिक प्रायमर हवाच. तो वगळला की सहा महिन्यांत लेप सालासारखा सुटतो. हा लेप मात्र सोलून निघत नाही, घासून काढावा लागतो. निर्णय विचार करून घ्या.

बोनेटसाठी दोन मार्ग. मॅट रॅप (चिकटवायची बिनचमकीची फिल्म) लागतो 1.52 मीटर रुंदीच्या रोलमधून साधारण दोन मीटर. कडा आत वळवून हीट गनने पुन्हा तापवल्या नाहीत, तर वडोद्याच्या मे महिन्यात फिल्म आक्रसून कोपरे उघडे पडतात. दुसरा मार्ग सोलता येणाऱ्या रबर पेंटचा, त्याला रॅपपेक्षा कमी खर्च येतो. किमान पाच-सहा हात द्या. पातळ थर काढताना अखंड निघत नाही, नखाएवढे तुकडे काढत बसावं लागतं. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर करायचं. दुपारच्या 42 अंशांत पेंट बंदुकीतून पत्र्यापर्यंत जाता जाता हवेतच वाळतो आणि बोनेटवर रव्यासारखा दाणा बसतो. मॅटवर वॅक्स पॉलिश कधीच नको, डाग कायमचे राहतात.

ग्रिलमधले तीन पिवळे दिवे अमेरिकेतून आले. तिथे 80 इंच किंवा त्याहून रुंद गाडीला असे दिवे सक्तीचे आहेत, म्हणून. आपल्या गाड्या तेवढ्या रुंद नाहीत. ते पैसे स्किड प्लेटला, म्हणजे इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याला द्या. 800 बाय 600 मिलिमीटरची प्लेट 3 मिलिमीटर लोखंडी पत्र्यात सव्वाअकरा किलो होते, 5 मिलिमीटर अॅल्युमिनियममध्ये साडेसहा. लोखंडी स्वस्त आणि ठोकून सरळ होणारी, आम्ही तीच सुचवतो. बसवायची ती चासीच्या मूळ भोकांत. वेल्डिंग नाही. ऑइल ड्रेनच्या खाली हात जाईल एवढं भोक आणि हवेसाठी फटी ठेवायला सांगा. नाहीतर प्रत्येक सर्व्हिसला प्लेट उतरवायची मजुरी पडते आणि चिखल आत साठून वाळतो.

हौदा

38 मिलिमीटर व्यासाच्या, 2 मिलिमीटर जाडीच्या पाइपचा रॅक सुंदर दिसतो. असा दहा मीटर पाइप साधारण 18 किलो भरतो. मकरपुरा जीआयडीसीत पाइप वाकवून मिळतो, पण वाकवताना चपटा झालेला कोपरा परत द्या, तो तिथेच तुटतो. रॅक केबिनच्या छतापेक्षा उंच नको आणि फाळका पूर्ण उघडला पाहिजे. हौद्याला भोकं न पाडता क्लॅम्पने बसवा, खाली रबर घाला. भोक पाडावंच लागलं तर उघड्या कडेला झिंक प्रायमर, मग रंग, मग सीलंट.

स्टेपनी हौद्यात तिरपी ठेवली की रूप पूर्ण होतं. रॅचेट पट्ट्या दोन हव्यात, एक तुटली तरी चाक सुटू नये. रॅकला वाळूत रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या लावा, त्या शोभतातही आणि कामालाही येतात. जेरीकॅन हवाच तर पाण्याचा. पेट्रोल किंवा डिझेल भरून बाहेर टांगू नका.

दिवे

स्पॉटलाइट आणि सर्चलाइट परवानगीशिवाय रस्त्यावर चालत नाहीत. लाइट बार खासगी जागेसाठी हवा असेल तर रस्त्यावर त्यावर कव्हर ठेवा. 100 वॅटचा बार 12 व्होल्टवर सव्वाआठ अँपिअर ओढतो. रिले, 15 अँपिअरचा फ्यूज आणि 2.5 चौरस मिलिमीटरची तार घ्या, फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरातच. हेडलाइटची मूळ वायर कापून जोड दिला तर इलेक्ट्रिकलची वॉरंटी अडकते.

कच्छला जाणाऱ्यांसाठी

भुजपर्यंत साधारण साडेचारशे किलोमीटर, म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच पिकअप रणोत्सवाला निघतात. रणात पांढऱ्या पापुद्र्याखाली ओला चिखल असतो. वाट सोडून गेलेली गाडी, टायर कसलाही असो, बसते. मांडवीच्या किनाऱ्यावर किंवा सुट्या वाळूत हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवा आणि वेग कमी ठेवा. डांबरावर चढण्याआधी पुन्हा भरा, म्हणून बारा व्होल्टचा पंप सोबत असू द्या. परत आल्यावर त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. स्किड प्लेटच्या वरची बाजू, रॅकचे क्लॅम्प आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगमधल्या फटी आवर्जून. मीठ तिथेच बसतं आणि पहिला गंज तिथेच दिसतो.

गाडी सोडताना

आरसी, विम्याची प्रत आणि लॉक नट असल्यास त्याची चावी आणा. हौदा रिकामा करा. चारही चाकांची उंची तुमच्यासमोर मोजून जॉब कार्डावर लिहू. कोटिंगची गाडी किमान 24 तास आमच्याकडे राहते. घरी नेल्यावर आठवडाभर तो भाग धुवू नका. मूळ रिम, नट आणि काढलेले सगळे भाग पोत्यात बांधून परत मिळतील, ते जपून ठेवा. आणि 100 किलोमीटर झाले की दहा मिनिटांसाठी या, नट आवळून घेऊ.